स्पॅनिश पियानोतला नाच कसा ऐकायचा

टेबलावर बोटांनी बारा मात्रा मोजा, पण अशा: एक-दोन-तीन, एक-दोन-तीन, एक-दोन, एक-दोन, एक-दोन. प्रत्येक 'एक'वर जरा जोर द्या आणि मध्ये न थांबता चार-पाच आवर्तनं करा. पहिल्या सहा मात्रा दादऱ्यासारख्या चालतात. पुढच्याही सहाच आणि वेगही तोच, पण जोर तीन-तीनऐवजी दोन-दोन मात्रांवर पडू लागतो आणि लय अंगावर चाल करून आल्यासारखी वाटते. स्पेनच्या दक्षिणेतल्या आंदालुसियात गाणं, गिटार आणि नाच एकत्र येणारी फ्लामेन्को ही कला आहे; तिच्यातला बुलेरिया हा प्रकार याच हिशेबावर उभा आहे. (फ्लामेन्कोवाले मोजणी 'बारा'पासून सुरू करतात आणि जोर बारा, तीन, सहा, आठ, दहा या आकड्यांवर देतात. बेरीज करून बघा, गणित तेच.) इसाक अल्बेनिझ या स्पॅनिश संगीतकाराच्या 'रोंदेन्या' या पियानोच्या रचनेतही एक माप तीन-तीनचं, पुढचं दोन-दोन-दोनचं, असं आलटूनपालटून येत राहतं.

ठेका असा कागदावर मांडता येतो. नाच मात्र मांडता येत नाही. कुठल्या मात्रेवर किती भार टाकायचा, कुठली मात्रा केसभर आधी घ्यायची, ओळ संपल्यावर किती दम खायचा, हे स्वरलिपीत मावत नाही. गिटारवाला हे सगळं समोरच्या नर्तिकेच्या टाचेकडे बघून ठरवतो. पियानोवादकासमोर नर्तिका नसते. असतो तो काळा-पांढरा कीबोर्ड आणि अंधारात बसलेले श्रोते. त्यामुळे एकच रचना दोन वादकांच्या रेकॉर्डवर अगदी वेगळी ऐकू येते, आणि हे संगीत समजून घ्यायचं तर छापील पानांपेक्षा ध्वनिमुद्रणं जास्त उपयोगी पडतात. चांगलं रेकॉर्डिंग ओळखायची माझी कसोटी साधी आहे: गाण्याच्या जागी वादक लय सैल सोडतो का, आणि नाचाच्या जागी ती घट्ट धरतो का? अनेकजण नेमकं उलटं करतात.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात 'स्पॅनिश' वाटणारं संगीत लिहिण्यात परदेशी लोकच पुढे होते. 'कार्मेन' (1875) हा ऑपेरा लिहिणारा बिझे फ्रेंच. स्पेनमधल्या संगीतकारांना घरचा रस्ता दाखवला तो फेलिपे पेद्रेल (1841–1922) या कातालान, म्हणजे ईशान्य स्पेनमधल्या कातालोनियाच्या, संगीतकाराने. त्याने जुनं संगीत आणि लोकगीतं जमवली, आणि आपल्या संगीताचा पाया इथेच आहे, हे तो तरुण मंडळींना सांगत राहिला. अल्बेनिझ (1860–1909), एन्रिके ग्रानादोस (1867–1916) आणि मानुएल दे फाया (1876–1946) या तिघांवरही त्याचा प्रभाव. या तिघांत खरा दक्षिणेचा एकटा फाया, कादिझचा. अल्बेनिझ पिरिनीज पर्वताच्या कुशीतल्या काम्प्रोदोनचा, म्हणजे पार उत्तरेचा कातालान माणूस; पण लिहायला बसला की त्याचं मन हमखास आंदालुसियात. त्याचा 'इबेरिया' हा बारा रचनांचा संग्रह 1905 ते 1908 या काळात तयार झाला, तोही फ्रान्समध्ये, मूत्रपिंडाच्या आजाराने शरीर खंगलेलं असताना. नाव स्पेन-पोर्तुगालच्या अख्ख्या द्वीपकल्पाचं, पण बारापैकी दहा रचना आंदालुसियाच्या. माद्रिदच्या वाट्याला 'लावापिएस' ही एकच आली आहे.

या लोकांनी लोकगीतांच्या चाली उचलून पियानोवर बसवल्या, असं समजू नका. अपवाद आहेत. 'इबेरिया'तल्या सेवियाच्या मिरवणुकीवरच्या रचनेत 'ला तारारा' या लोकगीताची चाल सरळ ऐकू येते. पण बहुतेक ठिकाणी चाल संगीतकाराची स्वतःचीच. नाचाकडून घेतला तो ठेका, स्वरांची ठेवण आणि मांडणीचा साचा.

नाच म्हणावेत तर प्रांतागणिक निराळे. आरागोनचा खोता तीन मात्रांचा, उड्या मारत नाचायचा. बास्क लोकांचा सोर्त्सिको पाच मात्रांचा. कातालोनियात सार्दाना हात धरून गोल करून नाचतात. आबानेरा डुलत्या चालीची. ती क्युबातून आली, आणि क्युबा 1898 पर्यंत स्पेनच्याच ताब्यात होतं. फान्दांगोचा गोतावळा मोठा, मालागेन्या आणि रोंदेन्या ही त्यातलीच. सगळ्यांत शिरलो तर हा लेख संपायचा नाही. त्यापेक्षा एकच नाच नीट बघू.

सेवियानास हा सेविया शहराचा नाच. तिथल्या वसंतातल्या जत्रेत आजही साधी घरगुती माणसं तो नाचतात. त्यासाठी कलाकार असावं लागत नाही. जोडीने नाचायचं, तीन मात्रांचा ठेका, चार कडवी. प्रत्येक कडव्याच्या शेवटच्या ठोक्याला दोघांनीही हात वर करून जागच्या जागी थबकायचं. हळूहळू थांबणं नाही. चालत्या लयीतून एकदम पुतळा. हातात कॅस्टनेट असतात. लाकडाच्या, शिंपल्यासारख्या खोलगट जोड्या, दोरीने अंगठ्याला अडकवलेल्या. उजव्या हातातली जोडी किंचित चढ्या आवाजाची, तिला स्पेनमध्ये 'मादी' म्हणतात. डावी जोडी 'नर'. उजव्या हाताची चार बोटं करंगळीपासून एकापाठोपाठ आपटली की सलग कडकडाट निघतो, आणि डावा हात नुसती मात्रा दाखवत राहतो.

हे डोक्यात ठेवून अल्बेनिझची 'सेविया' ऐका. त्याच्या 1886 च्या 'स्पॅनिश सुइट' या संचातली ही रचना. मुख्य मात्रेच्या आधी स्वरांचा जो छोटासा झुपका झर्रकन येतो, तो उजव्या हातातल्या कॅस्टनेटचा कडकडाट. खालच्या सुरांत सुटे, कोरडे ठोके पडतात, तो डावा हात. थोड्या वेळाने हे सगळं अचानक बंद होतं. दोन्ही हात दोन सप्तकांचं अंतर ठेवून एकच चाल वाजवू लागतात. खाली कॉर्ड (एकदम वाजणारे अनेक स्वर) नाही, ठेका नाही. आता नाच थांबला आणि गाणं सुरू झालं. या भागाला 'कोप्ला' म्हणतात. कोप्ला संपली की नाच पुन्हा जागेवर. नाच–कोप्ला–नाच हा साचा एकदा ओळखता आला की यातल्या निम्म्या रचनांचा नकाशा हातात आलाच म्हणून समजा.

याच साच्यातली सगळ्यात गाजलेली रचना 'आस्तुरियास', आणि तिच्याबद्दलच्या बहुतेक समजुती चुकीच्या आहेत. गिटार शिकणारा प्रत्येक मुलगा ती कधी ना कधी वाजवायला घेतो. साहजिकच ती गिटारसाठीच लिहिली असणार असं वाटतं. अल्बेनिझने गिटारसाठी कधी काहीच लिहिलं नाही. ही रचना पियानोची आहे. शिवाय तिचा आस्तुरियासशी काडीचा संबंध नाही. आस्तुरियास हा स्पेनच्या उत्तरेचा हिरवागार, पावसाळी प्रांत, आणि ही रचना नखशिखांत आंदालुसियन. झालं असं, की 'स्पॅनिश सुइट'साठी अल्बेनिझने आठ नावं जाहीर केली, पण प्रत्यक्षात रचना लिहिल्या चारच. तो गेल्यावर 1911 मध्ये हॉफमाइस्टर या जर्मन प्रकाशकाने त्याच्याच इतर रचना उरलेल्या चार नावांखाली भरून संच पुरा केला. 'आस्तुरियास'च्या रिकाम्या जागी 1890 च्या दशकातल्या दुसऱ्या एका संग्रहातला सुरुवातीचा प्रेल्यूड जाऊन बसला. प्रकाशकाची ही चलाखी शंभर वर्षांहून अधिक काळ कव्हरांवर छापली जात आहे.

पण रचना जवळून ऐकण्यासारखी आहे. सुरुवातीला एकच स्वर सतत टोचत राहतो आणि त्याच्या आजूबाजूने, खालून, चाल चालते. गिटारवर हे सोपं असतं: अंगठ्याने खालची चाल वाजवायची आणि बोटाने एक मोकळी तार छेडत राहायची. पियानोवर मात्र दोन्ही हातांना एकाच जागेत, एकमेकांच्या अंगावर रेलून, आळीपाळीने वाजवावं लागतं. मग एकदम मोठ्या, जोरकस कॉर्ड कोसळतात. गिटारवाला सगळ्या तारांवरून बोटं फटकारतो, त्याची ती नक्कल. त्यासाठी पियानोवादकाच्या हाताला कीबोर्डच्या एका टोकाकडून दुसरीकडे उडी मारून परत जागेवर यावं लागतं, आणि तेही ठेका न चुकवता. इथेच रेकॉर्डिंगांची परीक्षा होते. उडीसाठी क्षणभर वेळ चोरणारा वादक लगेच पकडला जातो, कारण आपण मनात मात्रा मोजत असतो.

आता स्वरांकडे. पियानोच्या फक्त पांढऱ्या पट्ट्या घ्या आणि 'ई'ला षड्ज माना. रिषभ, गंधार, धैवत, निषाद सगळे कोमल लागतात. म्हणजे भैरवी थाट. पाश्चात्त्य संगीतात याला फ्रिजियन म्हणतात. फ्लामेन्कोतली सगळ्यात ओळखीची उतरण्याची चाल म्हणजे मध्यम, कोमल गंधार, कोमल रिषभ, षड्ज अशा चार पायऱ्या, प्रत्येक पायरीवर एक कॉर्ड. पाश्चात्त्य संगीतातल्या मेजर-मायनर सप्तकांवर वाढलेल्या कानाला पहिली, मध्यमावरची कॉर्ड 'घर' वाटते आणि शेवट अर्धवट सोडल्यासारखा वाटतो. भैरवी ऐकलेल्या कानाला असा प्रश्न पडत नाही, षड्जावर येऊन थांबलं की झालं. आणखी एक खुबी: शेवटच्या, षड्जावरच्या कॉर्डमध्ये गंधार बहुधा शुद्ध होतो. उतरताना कोमल आणि मुक्कामाला शुद्ध, असे दोन गंधार शेजारी येतात आणि तो खास तिखटपणा तयार होतो. बसंत मुखारी ऐकलेल्यांना कोमल रिषभाशेजारचा शुद्ध गंधार परका वाटणार नाही.

इथे एक मोह होतो तो टाळलेला बरा. स्पेनमधल्या रोमा म्हणजे जिप्सी समाजाचे पूर्वज वायव्य भारतातून गेले, हे त्यांच्या भाषेवरून सिद्ध आहे. पंधराव्या शतकात ते स्पेनमध्ये पोचले. मग 'फ्लामेन्को म्हणजे आपलीच भैरवी' असा निष्कर्ष काढून आपण मोकळे होतो. पण हेच स्वर अरबी, तुर्की, ग्रीक आणि ज्यू संगीतातही भरपूर आहेत, आणि स्पेनच्या दक्षिणेत 711 पासून 1492 पर्यंत मुस्लिम राजवटी होत्या. फ्लामेन्को घडवण्यात रोमा लोकांचा मोठा वाटा आहे यात वाद नाही. राग गाठोड्यात बांधून नेले याला मात्र पुरावा नाही. कानाला ओळख पटते, तेवढा आनंद पुरे.

पेडलचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो, आणि त्याबद्दल क्वचितच कोणी बोलतं. गिटारचा स्वर छेडल्याबरोबर विरायला लागतो. पियानोचं उजवं पेडल दाबलं की सगळे स्वर एकमेकांत मिसळून घुमत राहतात. नाचाच्या भागात पेडल जास्त झालं की टाचांचे ठोके चिखलात पडल्यासारखे वाजतात. अजिबात दाबलं नाही तर 'इबेरिया'तले आठ-आठ, दहा-दहा स्वरांचे थर तुटक आणि रुक्ष वाटतात. ग्रॅनडातल्या जुन्या वस्तीवरच्या 'एल अल्बाइसिन'चा प्रारंभ दोन-तीन वादकांकडून लागोपाठ ऐका. कोण गिटार वाजवतोय आणि कोण पियानोच वाजवतोय हे अर्ध्या मिनिटात कळतं.

ध्वनिमुद्रणांचा इतिहास सुरू होतो खुद्द अल्बेनिझपासून. 1903 मध्ये बार्सिलोनाजवळच्या तियाना गावी रुपेर्तो रेगोर्दोसा या संग्राहकाने मेणाच्या सिलिंडरवर त्याचं वादन टिपलं. तीन छोट्या रचना आहेत, आयत्या वेळी सुचलेल्या. खरखर इतकी की पियानो शोधावा लागतो, पण लय शाबूत आहे, आणि एवढा मोठा संगीतकार बसल्या बैठकीला काय वाजवायचा ते कळतं.

ग्रानादोसच्या बाबतीत आपण जास्त नशीबवान. त्याने तबकड्याही दिल्या आणि पियानो रोलही. रोल म्हणजे भोकं पाडलेली कागदाची लांब गुंडाळी. वादकाने कुठली पट्टी कधी आणि किती वेळ दाबली हे त्या भोकांतून नोंदलं जातं, आणि यंत्र बसवलेला पियानो ते पुन्हा वाजवतो. खरखर शून्य. पण रोलवर पूर्ण विश्वास ठेवू नये: गुंडाळी किती वेगाने फिरवली, पियानो कसा जुळवला, यावर बरंच अवलंबून असतं. तरीही त्याच्या 'स्पॅनिश नृत्यां'तलं पाचवं, 'आंदालुसा', त्याच्याच रोलवर ऐकलं की एक गोष्ट लक्षात येते. स्वतःच लिहिलेलं तो जसंच्या तसं वाजवत नाही. कुठे एखादा अलंकार वाढवतो, कुठे डावा हात उजव्याच्या जरा आधी पडतो. आज परीक्षेत कोणी असं वाजवलं तर गुण कापले जातील.

1916 च्या सुरुवातीला त्याच्या 'गोयेस्कास' ऑपेराचा पहिला प्रयोग न्यूयॉर्कला झाला. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष विल्सन यांच्यापुढे वाजवायचं बोलावणं आलं म्हणून त्याचं स्पेनला थेट जाणारं जहाज चुकलं. इंग्लंडमार्गे परतताना 24 मार्चला 'ससेक्स' बोटीवर जर्मन पाणबुडीने टॉर्पेडो सोडला. ग्रानादोस आणि त्याची पत्नी आम्पारो दोघंही इंग्लिश खाडीत बुडाले.

त्याची बार्सिलोनातली संगीतशाळा मात्र चालत राहिली. ती फ्रँक मार्शल या त्याच्या शिष्याने चालवली, आणि मार्शलकडे शिकली आलिसिया दे लारोचा (1923–2009). घराणं म्हणावं अशी ही सरळ परंपरा आहे. बाईंची आई आणि मावशीही ग्रानादोसच्याच विद्यार्थिनी. उंची पाच फुटांहून कमी, हात लहान, आणि नाव झालं ते 'इबेरिया'साठी, जिथे धिप्पाड पुरुषांचेही हात पुरे पडत नाहीत. त्यांनी हा संग्रह एकाहून अधिक वेळा संपूर्ण ध्वनिमुद्रित केला. त्यातलं डेक्का या रेकॉर्ड कंपनीसाठी 1972 मध्ये केलेलं मला सगळ्यात नेमकं वाटतं. त्याला 1975 मध्ये ग्रॅमीही मिळालं. त्यांच्या वादनात ठेका इतका स्वच्छ की कॉर्ड कितीही दाट असोत, मात्रा मोजता येतात. आणि कोप्ला आली की हात सैल. 'एरितान्या' ही शेवटची रचना, सेवियाबाहेरच्या एका खानावळीच्या नावाची, म्हणजे पुन्हा सेवियानासच. बाईंच्या हातात ती रचना धावत नाही, नाचते.

उलट टोकाला एस्तेबान सांचेझ (1934–1997). बादाखोस प्रांतातल्या गावचा हा माणूस मैफलींच्या धबडग्यापासून लांबच राहिला. 1960 च्या दशकाच्या शेवटी 'एन्सायो' या बार्सिलोनाच्या छोट्या कंपनीसाठी त्याने केलेली 'इबेरिया' बरीच वर्षं जाणकारांपुरतीच होती. जोखीम घेऊन, कडेकडेने चालल्यासारखं वाजवतो. लारोचाबाई पद्धतशीर वाटतात असं म्हणणाऱ्यांनी हे ऐकावं. कॅनडाच्या मार्क-आंद्रे हॅमलिनच्या 2005 च्या ध्वनिमुद्रणात मात्र सगळं वेगळंच दिसतं: एरवी गर्दीत हरवणारा प्रत्येक स्वर सुटा ऐकू येतो. मला त्यात नाच थोडा कमी वाटतो, पण अल्बेनिझने नेमकं काय लिहिलंय हे ऐकायचं तर याहून चांगलं साधन नाही.

फायाकडे वळलात तर आधी 'आंदालुसा' घ्या. नाव ग्रानादोसच्या रचनेचंच, पण ही फायाच्या 'चार स्पॅनिश रचनां'मधली शेवटची, आणि हा संच त्याने अल्बेनिझला अर्पण केला आहे. त्यानंतर 1919 ची 'फान्तासिया बेतिका'. आर्थर रुबिनस्टाइन या पियानोवादकाने ती मागून लिहून घेतली, 1920 मध्ये न्यूयॉर्कला पहिल्यांदा वाजवली आणि पुढे जवळजवळ सोडूनच दिली. त्याला फायाचा 'अग्निनृत्य' हा तुकडा जास्त मानवला, दोन्ही हात डोक्यापर्यंत उचलून वाजवायचा आणि टाळ्या घ्यायचा. 'बेतिका'त टाळ्यांची सोय नाही. तिथे गिटारचं फटकारणं, गळ्यातून फाटून निघणारी फ्लामेन्कोची हाक आणि टाचांचे ठोके जवळजवळ कच्च्या स्वरूपात येतात. ऐकताना गोड असं काही मिळत नाही.

आणि दक्षिणेच्या या उन्हाचा कंटाळा आला तर फेदेरिको मोम्पोऊ (1893–1987). बार्सिलोनाचा, अबोल माणूस. त्याच्या 'गाणं आणि नाच' या मालिकेतल्या प्रत्येक रचनेचे दोन भाग: आधी एक संथ गाणं, मग एक छोटा नाच, बहुतेक चाली कातालान लोकसंगीतातल्या. इथे टाच नाही, फटकारा नाही, कॅस्टनेट नाहीत. वयाच्या ऐंशीच्या घरात, 1974 मध्ये, त्याने 'एन्सायो'साठीच स्वतःच्या रचना ध्वनिमुद्रित केल्या. बोटं काही ठिकाणी अडखळतात. पण नाचाचा भाग तो इतका सावकाश, जरा जड पावलांनी वाजवतो की पुढच्या तरुण वादकांचे तेच नाच घाईचे वाटायला लागतात. सुरुवात पहिल्या आणि सहाव्या क्रमांकापासून करा. पहिल्यातल्या चाली लोकसंगीतातल्या आहेत, सहाव्यातल्या त्याच्या स्वतःच्या, आणि नाव झाकून ऐकलं तर कुठली कोणाची हे सांगणं अवघड जातं.